काचेवरचा तपकिरी

सकाळचे साडेसात. अमरावतीचं मे महिन्यातलं ऊन एव्हाना अंगाला लागू लागलंय. कॅम्प भागातल्या या पॅथॉलॉजी लॅबच्या मागच्या खोलीत मात्र एसीची घरघर रात्रीपासून थांबलेली नाही. परतवाड्याचा एक तरुण टेक्निशियन बर्फाच्या ट्रेवरून मेणाचा ठोकळा उचलतो, मायक्रोटोममध्ये बसवतो आणि चाक फिरवू लागतो. ठोकळा खालीवर होतो, पात्याला घासतो, आणि दर घासणीला मेणाचा एक पापुद्रा सुटतो. पापुद्र्याला पापुद्रा चिकटत फीत तयार होते. जाडी ३ मायक्रॉन. पोरगा ओल्या ब्रशानं ती उचलतो, कोमट पाण्यावर सोडतो, सुरकुत्या गेल्या की काचपट्टी तिरकी बुडवून वर घेतो. काचेवर काही आहे हे उजेडाकडे धरल्याशिवाय कळतही नाही.

"मे महिन्यात हे काम नवाच्या आत उरकून घ्या लागते," तो माझ्याकडे न पाहता म्हणतो. "मंग मेन नरम पडते. फीत तुटते."

ठोकळ्यावर नाव नाही, नंबर आहे. नावाचे कागद मॅडमनी मी यायच्या आधीच कपाटात ठेवलेत. मॅडम म्हणजे इथल्या पॅथॉलॉजिस्ट, ओळख जुनी. मेंदूतल्या गाठीत प्रथिनं काय करतात यावर लिहायचंय असं मी म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "वाचून लिहू नका. एक दिवस येऊन बसा." म्हणून बसलो आहे. मला सांगितलंय ते एवढंच, की आज दोन ठोकळे आहेत. एक अकोल्याहून आलाय, ३४ वर्षांच्या शेतकऱ्याचा, उजव्या कपाळामागच्या मेंदूतला तुकडा. दुसरा दर्यापूरकडच्या ६१ वर्षांच्या बाईंचा. दोघांची ऑपरेशनं झाली आहेत. दोघांच्या कागदावर सध्या एकच शब्द आहे, ग्लायोमा. मेंदूत विचार करणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या, खाऊ घालणाऱ्या ज्या ग्लायल पेशी असतात, त्यांच्या घराण्यातली गाठ. पुढचं आज ठरायचं आहे.

कोपऱ्यातल्या शेगडीवर कुकर आहे. साधा, घरातला, पाच लिटरचा. मला वाटतं चहाचं पाणी किंवा भात असेल. तर पोरगा काचपट्ट्यांचा स्टँड त्यात उतरवतो, वरून क्षाराचं द्रावण ओततो आणि झाकण लावतो. ऑपरेशन थिएटरमधून निघालेला तुकडा लगेच फॉर्मलिनमध्ये जातो. फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं, त्यामुळे तुकडा सडत नाही. पण प्रथिनांच्या ज्या कोपऱ्यांवरून त्यांची ओळख पटते ते कोपरेही त्यात झाकले जातात. ते पुन्हा उघडायला दाब आणि उष्णता हवी. मोठ्या शहरांत त्यासाठी महागडी यंत्रं आहेत. इथे शिट्टी होते.

कुकर निवल्यावर फ्रीजमधून चिमुकल्या कुपी बाहेर येतात. प्रत्येक कुपीतली अँटिबॉडी एकाच प्रथिनाला ओळखते, दुसऱ्या कुणाला नाही. पोरगा मायक्रोपिपेटनं थेंब सोडतो, काचपट्ट्या ओल्या डब्यात झाकून ठेवतो. मग धुणं, मग दुसरा थेंब, पुन्हा धुणं, आणि शेवटी ते रसायन, ज्यानं अँटिबॉडी जिथे चिकटली असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. चिकटली नसेल तिथे निळ्या रंगाखेरीज काही नाही. सगळ्या खटाटोपाचा निकाल एवढाच, तपकिरी की निळा.

मधल्या वेळात आम्ही गिला वडा मागवतो. मॅडम एक हातमोजा काढून खातात आणि फोनवर कुणाला तरी दम भरतात, कारण एका हॉस्पिटलनं स्तनाचा तुकडा फॉर्मलिनऐवजी सलाइनमध्ये घालून पाठवलाय. "सडवला," फोन ठेवत त्या म्हणतात. "आता त्या बाईला पुन्हा सुई टोचा."

दीड वाजता काचपट्ट्या तयार होतात. मॅडमच्या मायक्रोस्कोपला दोन डोकी आहेत. एका बाजूला त्या, समोर मी. आधी रोजची गुलाबी-निळी स्लाइड. दर्यापूरच्या बाईंची. माझ्या डोळ्यांना नुसता ठिपक्यांचा गोंधळ दिसतो, मॅडमना बघताक्षणी काय ते कळतं. त्या बाण सरकवतात. "हा फिकट पट्टा बघा. इथल्या पेशी मेल्यात. गाठ इतकी भराभर वाढली की आतल्यांना रक्तच पुरेना. आणि त्याच्या काठावर हे गुच्छ, या नव्या रक्तवाहिन्या."

ऑक्सिजन तुटला की पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन बाहेर सोडतात. निरोगी शरीरातही हे घडतं. जखम भरताना, गर्भ वाढताना हेच प्रथिन नव्या रक्तवाहिन्या बोलावतं. गाठीतल्या उपाशी पेशीही तेच करतात, पण थांबत नाहीत. घाईत झालेल्या या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात, गळतात. त्यातून पाझरलेल्या पाण्यानं आजूबाजूचा मेंदू सुजतो. डोकं ठणकणं, सकाळी उलटी होणं, हात जड पडणं, यातलं बरंचसं या सुजेमुळे. डेक्सामेथासोनची गोळी दिली की दोन दिवसांत पेशंट उठून बसतो आणि नातेवाइकांना वाटतं गाठ विरघळली. विरघळलेली नसते, पाणी ओसरलेलं असतं. व्हीईजीएफलाच अडवणारं औषधही आहे, बेव्हासिझुमॅब. सूज उतरवायला त्याचा उपयोग होतो. पण नव्यानं निदान झालेल्या रुग्णांना ते दिल्यावर आयुष्य वाढतं का, हे पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१४ मध्ये आले आणि दोन्हींचं उत्तर नाही असंच होतं.

"आता अकोला," मॅडम म्हणतात.

अकोल्याच्या गुलाबी-निळ्या स्लाइडमध्ये मेलेला पट्टा नाही, गुच्छ नाहीत. गर्दी मात्र आहे, आणि त्या गर्दीत इथे तिथे दोन होऊ घातलेल्या पेशी. हे दर्यापूरच्याच वाटेवरचं आधीचं ठिकाण असू शकतं, किंवा अगदी वेगळाच आजार. नुसत्या रूपावरून सांगणं अवघड. मॅडम काचपट्टी बदलतात. आयडीएच-१. फोकस जुळतो, आणि सगळं क्षेत्र तपकिरी.

"आलं!" त्यांचा आवाज एकदम मोकळा होतो. "बघा, एकेक पेशी रंगलीय. मधली ही रक्तवाहिनी तेवढी निळी."

मला वाटतं, रंग आला म्हणजे बिघाड सापडला. बिघाड सापडला यात आनंद कसला?

"बिघाडच आहे," मॅडम म्हणतात. "आणि हाच बिघाड निघावा असं मला सकाळपासून वाटत होतं."

आयडीएच-१ हे आपल्या प्रत्येक पेशीत असलेलं एक कामसू प्रथिन. ४१४ अमिनो आम्लांची साखळी. साखरेच्या पचनातून आलेल्या एका रेणूवर ते काम करतं आणि पेशीला हवा असलेला दुसरा रेणू तयार करून देतं. या शेतकऱ्याच्या गाठीतल्या पेशींत साखळीतल्या १३२ व्या जागी आर्जिनिन असायचं तिथे हिस्टिडिन आलंय. बाकीच्या ४१३ जागा जशाच्या तशा. पण त्या एका जागेमुळे प्रथिनाचं काम बदललं: आता ते टू-एचजी नावाचा भलताच रेणू बनवतं, पेशीत तो कित्येक पटींनी साठतो आणि जनुकांवरच्या खुणा पुसणाऱ्या यंत्रणेला जॅम करून ठेवतो. खुणा पुसल्या जात नाहीत, पेशी वयात येत नाही, नुसती वाढत राहते. २००८ मध्ये अमेरिकेत मुख्यतः जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २२ ग्लायोब्लास्टोमांतली वीस हजारांवर जनुकं वाचून काढली, तेव्हा हा बिघाड पहिल्यांदा नजरेस आला. मेंदूच्या गाठीचा या प्रथिनाशी काही संबंध असेल असं तोवर कुणाच्या मनातही नव्हतं. लवकरच जर्मनीत हायडलबर्गला फक्त बिघडलेल्या आयडीएचलाच चिकटणारी अँटिबॉडी तयार झाली. त्यामुळे वीस हजार जनुकं न वाचता, कुकरच्या जोरावर, कॅम्पातल्या या खोलीत उत्तर मिळतं.

आणि गंमत म्हणा की काय म्हणा, हा बिघाड असलेल्या गाठी सावकाश चालतात. किरणोपचाराला, गोळ्यांना जास्त दाद देतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये वर्गीकरण बदललं तेव्हा या दोघांना नावंच वेगळी दिली. बिघाड असेल आणि एटीआरएक्स हरवलेलं असेल तर अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच-म्युटंट. बिघाड नसेल आणि चेहरामोहरा दर्यापूरचा असेल तर ग्लायोब्लास्टोमा. पूर्वी दोघांच्याही गाठींना, चौथ्या पायरीवर पोचल्या की, ग्लायोब्लास्टोमाच म्हणत.

एटीआरएक्सची काच उलटी वाचायची. तिथे रंग असणं निरोगी, नसणं बिघाड. शेतकऱ्याच्या गाठीतल्या पेशी निळ्या, आणि मधल्या रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी तपकिरी. "ही भिंत माझी साक्षीदार," मॅडम सांगतात. "तीही निळी असती तर मी म्हटलं असतं, आज कुकर नीट लागला नाही." मग पी-५३, मग की-६७, जर्मनीतल्या कील शहरावरून नाव पडलेलं प्रथिन, जे पेशी दोन व्हायच्या तयारीत असली तरच केंद्रकात दिसतं. इथे मॅडम बोलणं थांबवतात आणि मोजतात. बोटाखाली टिकटिक करणारं मोजणीयंत्र. शंभरात बारा.

दर्यापूरच्या काचेवर शंभरात चाळीस. आणि आयडीएचच्या काचेवर एकही तपकिरी पेशी नाही. मॅडम काच या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा सरकवतात. पंचावन्नच्या आतला पेशंट असता तर त्यांनी जनुक वाचायला पाठवलं असतं, कारण ही अँटिबॉडी एकाच प्रकारचा बदल ओळखते आणि दहातला एखादा निराळा निघतो. ६१ व्या वर्षी, असं चित्र समोर असताना, ती गरज नाही. बाईंचा तुकडा एमजीएमटीसाठी मात्र मुंबईला जाईल. एमजीएमटी हे दुरुस्ती करणारं प्रथिन. टेमोझोलोमाइडची गोळी गाठीच्या डीएनएवर जखम करते, आणि एमजीएमटी ती जखम स्वतःवर ओढून घेऊन निकामी होतं; एका रेणूला एकच दुरुस्ती जमते. ज्या गाठीत हे प्रथिन बनवणारं जनुक बंद पडलेलं असतं तिथे गोळी चांगली लागू पडते. २००५ मध्ये या गोळीची मोठी चाचणी जाहीर झाली: नुसत्या किरणांनी १२.१ महिने, किरणांबरोबर गोळीनं १४.६. अडीच महिन्यांचा फरक, आणि तरीही गेली वीस वर्षं जगभर हाच पहिला उपचार आहे. हे आकडे लिहिताना माझा हात थबकतो, पण ते सौम्य करून लिहिण्यात काही अर्थ नाही.

मॅडम बाईंची काच एकदा आणखी लावतात, कडेचा भाग. "हे बघाच." गाठ जिथे संपायला हवी तिथे ती संपतच नाही. एकटीदुकटी पेशी निरोगी मेंदूत शिरलेली दिसते; कुठे मज्जापेशीभोवती कोंडाळं करून, कुठे केशवाहिनीच्या कडेकडेनं रांगेत. शेरर नावाच्या पॅथॉलॉजिस्टनं १९३८ मध्ये ह्या वाटा टिपल्या होत्या. मेंदूतली ही गाठ फुप्फुसात, यकृतात सहसा जात नाही. डोक्यातल्या डोक्यातच पसरते, आणि त्यासाठी लागणारी सगळी सामग्री डोक्यातच तयार असते. एमएमपी गटातली प्रथिनं दोन पेशींमधला चिकट भराव कापून वाट करतात. गर्भात मेंदू घडताना पेशींना जागच्या जागी पोचवायला हीच लागतात. जीएपी-४३ हे कोवळ्या मज्जातंतूच्या टोकाला पुढे रेटणारं प्रथिन. हायडलबर्गच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं, की गाठीतल्या पेशी त्याच्याच जोरावर लांबच लांब नळ्या काढतात आणि कनेक्सिन-४३ नं त्या एकमेकींना जोडतात. मग किरणांनी एकीला दुखापत झाली तर बाकीच्या तिचा भार वाटून घेतात. ईजीएफआर हे पेशीच्या कातडीवरचं, वाढीचा निरोप घेणारं प्रथिन. साधारण चाळीस टक्के ग्लायोब्लास्टोमांत त्याच्या प्रती बेसुमार वाढलेल्या असतात, आणि काहींत त्याचं निरोप घेणारं टोकच तुटून ते कायम चालू राहतं. फुप्फुसाच्या काही कॅन्सरांत ईजीएफआर रोखणाऱ्या गोळ्यांनी कमाल केली. मेंदूत त्या फसल्या.

या सगळ्या यादीत गाठीचं स्वतःचं म्हणावं असं एकही प्रथिन नाही. मेंदू ज्यांनी बांधला तीच ही माणसं, तीच हत्यारं. औषधानं नेम धरायचा तर तो शेवटी आपल्याच घरातल्या कुणावर तरी धरावा लागतो.

मी न्यूरोलिजिन-३ चा विषय काढतो. स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे यांच्या गटाचं काम: मज्जापेशी कामात असल्या की हे प्रथिन बाहेर सुटतं आणि ग्लायोमाला वाढायला बळ देतं. पुढे २०१९ मध्ये तर असंही दिसलं की मज्जापेशी गाठीतल्या पेशींशी रीतसर सांधा जुळवतात. मॅडम डोळे वर करतात.

"हे बाहेर बाकावर बसलेल्यांना सांगू नका हं. उद्यापासून ते पेशंटला वर्तमानपत्र वाचू देणार नाहीत. उंदरात दिसलंय, पेशींत दिसलंय. डोकं चालवल्यानं माणसाची गाठ वाढते असं कुणी सिद्ध केलेलं नाही."

रिपोर्ट टाइप होतो. पाच प्रथिनांची नावं, पुढे पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, लॉस, टक्के. शेतकऱ्याचं निदान: अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच-म्युटंट, ग्रेड ३. "मी पाच पाहते," प्रिंटरकडे जाताना मॅडम म्हणतात. "पवईला आयआयटीत संजीव श्रीवास्तव यांच्या लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमीटरवर अशाच तुकड्यातली हजारो प्रथिनं एका दमात मोजतात. ग्लायोमा, मेनिंजिओमा, पोरांमधला मेड्युलोब्लास्टोमा, सगळं केलंय त्यांनी. पुण्याला एनसीसीएसमध्ये अंजली शिरास यांनी ग्लायोमाच्या मूळ पेशींवर किती वर्षं घालवली. त्यातलं एखादं सहावं नाव कधीतरी माझ्या फ्रीजमध्ये येईल."

चार वाजता शेतकऱ्याचा थोरला भाऊ येतो. डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात एमआरआयची पिशवी, सोबत गावातला गाडीवाला. मॅडम त्याला खुर्चीवर बसवतात आणि कागद समोर धरून सावकाश सांगू लागतात. प्रोटीन हा शब्द तिसऱ्यांदा आल्यावर तो हात वर करतो.

"मॅडम, म्हंजे त्याचं प्रोटीन बंद करा लागते का? आमी तं त्याले रोज दोन अंडे देऊन राह्यलो. वरन तं दोनी टायमाले हायेच."

"द्या, द्या. अंडी द्या, वरण द्या. हे ताटातलं नाही, हे पेशीनं आत स्वतः घडवलेलं."

"म्हंजे खान्यानं नाई झालं?"

"खाण्यानं नाही झालं. फवारणीनं झालं का, मोबाइलनं झालं का, तेही मला विचारू नका. कुणाच्या चुकीनं झालेलं नाही."

भाऊ बराच वेळ कागदाकडे पाहतो. त्याला एवढंच विचारायचं आहे: डॉक्टरनं गाठ काढली, मग आता शेक, म्हणजे किरणोपचार, कशाला? मॅडम बोटानं टेबलावर वाटा काढून दाखवतात, पेशी कशा कडेकडेनं निसटतात ते. तो मान डोलावतो.

"कुंदा," तो म्हणतो. "वरून वावर साफ दिसते. अन पानी पडलं का धुऱ्यापासून पुन्हा फुटते."

"हाव. कुंदाच," मॅडम म्हणतात; वीस वर्षं शहरात काढूनही त्यांचा हाव गेलेला नाही.

निघताना तो माझ्याकडे वळतो. "तुमी लिहिनारे हा ना? मंग चला आमच्यासंगं अकोल्याले. डाक्टर सांगते थे माह्या डोक्यात राह्यत नाई. तुमी लिहून घेजा." मॅडमकडे पाहतो, त्या खांदे उडवतात. मी गाडीत बसतो.

अमरावती-अकोला रस्ता आता लोण्यावानी आहे असं गाडीवाला सांगतो, आणि कौतुकानं सांगतो. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली ती इथलीच. दोन्ही बाजूंनी वखरलेली काळी रानं पावसाची वाट पाहत पडली आहेत. मूर्तिजापूर मागे पडतं. भाऊ सांगत असतो: धाकट्याला दोन वर्षांपासून झटके येत होते. पहिला आला तेव्हा सगळ्यांना वाटलं उन्हानं आला. गोळ्या चालू होत्या. यंदा मार्चमध्ये हरभरा काढताना थ्रेशरजवळ पडला, तेव्हा एमआरआय केला. मी त्याला सांगतो, की मॅडम म्हणाल्या तो टू-एचजी रेणू दिसायला ग्लुटामेटच्या फार जवळचा आहे. ग्लुटामेट म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना चेतवतात ते रसायन. अशा गाठींत झटके जास्त का येतात त्याचं हे एक कारण मानतात. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, "म्हंजे तो थ्या टायमालेच सांगून राह्यला होता."

अकोल्यात रतनलाल प्लॉटच्या बाजूला डॉक्टरांच्या पाट्यांना अंत नाही. न्यूरोसर्जनच्या दवाखान्यात सात वाजता पस्तीस माणसं बसलेली आहेत आणि कूलर फक्त आवाज करतोय. धाकटा आधीच येऊन बसलाय. टाके दुपट्ट्याखाली झाकलेले, हातात बिसलेरीची बाटली, नजर तरतरीत. माझी ओळख करून दिल्यावर म्हणतो, "लिहा, पन फोटू नोको."

आत सर्जन दोन एमआरआय शेजारी शेजारी लावतात, आधीचा आणि नंतरचा. जिथे गाठ होती तिथे आता काळा खड्डा आहे, आणि खड्ड्याच्या कडेनं एक पांढुरकी झाक मेंदूच्या दुसऱ्या अर्ध्याच्या दिशेनं गेलेली. डॉक्टर रिपोर्ट वाचतात. आयडीएच-म्युटंट या ओळीखाली पेनानं रेघ मारतात.

"हे चांगलं आलं. याच्यात आम्ही वर्षांच्या हिशेबानं बोलतो."

"मंग उरलेलं काहून नाई काढलं?" भाऊ विचारतो. प्रश्न गाडीत तीनदा घोकून झालेला आहे.

डॉक्टर चष्मा काढतात. १९२८ च्या सुमाराला बाल्टिमोरला वॉल्टर डँडी नावाच्या सर्जननं काही पेशंटांच्या मेंदूचा अख्खा उजवा अर्धा भाग काढून टाकला होता, याच हट्टानं, की मुळापासून काढू. गाठ पुन्हा आलीच. तेव्हापासून सर्जन लोक शहाणे झालेत. दिसतं ते आणि काढता येतं ते काढायचं, हात-पाय-बोलणं शाबूत ठेवायचं. हे ते मराठीत, साध्या शब्दांत सांगतात. डँडीचं हॉस्पिटल आणि आयडीएच सापडलं ते हॉस्पिटल एकच, जॉन्स हॉपकिन्स. मधे ऐंशी वर्षं. मला हे सांगायचा मोह होतो. खोलीतली घाई पाहून गप्प बसतो.

भाऊ मोबाइल पुढे करतो. "सर, ही नवी गोळी निंगाली म्हनते. आयडीएचचीच हाय."

"व्होरासिडेनिब. हो. अमेरिकेत २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाली. बिघडलेलं प्रथिनच बंद पाडते. पण ज्या चाचणीवर ती मंजूर झाली त्यात ग्रेड दोनचे पेशंट होते, ऑपरेशननंतर शेकही न दिलेले. तुमचा ग्रेड तीन आहे. याच्यासाठी आज पक्कं माहीत असलेलं काय, तर तेहतीस शेक, आणि मग वर्षभर महिन्यातून पाच दिवस टेमोझोलोमाइड."

मग कुठे, हा प्रश्न. नागपूर जवळ, तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल तिथे आहे आणि यांच्या गावातून बरेच जण तिथे जाऊन आलेत. मुंबईला टाटा. टाटाला गेलं तर दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, तिथे सोय होते हे भावाला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत आहे. डॉक्टर रेल्वेच्या सवलतीच्या फॉर्मबद्दल सांगतात. पेशंटला स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्याला पाऊण. मी लिहून घेतो. टाटाला एकदा मत घ्यायचं, शेक नागपूरला घ्यायचे, असं काहीसं ठरत येतं.

धाकटा इतका वेळ गप्प आहे. आता विचारतो, "कवा सुरू करा लागते?"

"महिनाअखेर. उशिरात उशिरा जूनचा पहिला आठवडा."

"अन साडेसहा आठवडे."

"रोज. रविवार-शनिवार सोडून."

"म्हंजे पेरनीत."

"पेरणी भाऊ करेल. तुम्ही ट्रॅक्टरवर बसायचं नाही, मोटरसायकल चालवायची नाही, विहिरीवर एकटं जायचं नाही. झटक्याची गोळी एक वेळही चुकवायची नाही." डॉक्टर पुन्हा लिहू लागतात. लेव्हेटिरासिटॅम, सकाळ-संध्याकाळ.

धाकटा बोटांवर हिशेब करतो. किती एकर, किती पोती, कुठल्या तुकड्यात काय. ज्या मेंदूचा तुकडा मी दुपारी काचेवर तपकिरी होताना पाहिला तो माझ्यासमोर बसून सोयाबीनचा आणि मजुरीचा भाव जुळवतोय. सोयाबीनची सोंगणी एकदमच येते, मजूर मिळत नाही, तो भावाला सांगतो. दक्षिणेच्या वावरात यंदा तूर टाकू. तिला राखण कमी. कापणीला जानेवारी येते.

"तवालोक तं मी मोकळा होतोच," तो म्हणतो.

"तू नाई, म्या टाकतो," थोरला म्हणतो. "तू फकस्त बियानं सांग कोन्तं ते."

"पीकेव्ही तारा," तो लगेच उत्तर देतो. "अन कृषी विद्यापीठातूनच आनजो. दुकानातून नोको."